ग्राफिक्स कार्डांची टंचाई आणि भाव : ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ग्राफिक्स कार्डांची टंचाई, जोडविक्री आणि छापील किमती

महोदय,

मी कोल्हापुरात संगणक जोडून विकतो. आर्किटेक्ट, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, थ्रीडी ॲनिमेशन शिकणारी मुलं, एआयचे प्रोजेक्ट करणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि अर्थातच गेम खेळणारे, ही आमची गिऱ्हाइकं. या सगळ्यांच्या कोटेशनमध्ये सर्वांत मोठा आकडा बहुधा एकाच वस्तूसमोर असतो, ग्राफिक्स कार्डासमोर, म्हणजे पडद्यावरचं चित्र घडवणाऱ्या भागासमोर. २०२१ मध्ये या कार्डांच्या बाजारात जे झालं ते गिऱ्हाइकांनी सोसलं आणि आम्ही काउंटरच्या आतून पाहिलं. आता पुन्हा तीच लक्षणं दिसू लागली आहेत. मागच्या वेळी 'जगभरच टंचाई आहे' एवढं म्हटलं की विषय संपायचा आणि सरकार दरबारी कुणी पुढे विचारायचं नाही. या वेळी तसं होऊ नये म्हणून हे पत्र लिहितो आहे.

टंचाई खरी होती, हे आधी मान्य करतो. सप्टेंबर २०२० मध्ये ग्राफिक्स चिपमधली सर्वांत मोठी कंपनी एनव्हिडियाने ३० मालिकेची कार्डं आणली तेव्हा अर्धं जग घरात बसून काम करत होतं आणि संगणकाला कधी नव्हे इतकी मागणी होती. एनव्हिडियाच्या त्या चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटरच्या तंत्राने बनत (हा आकडा जितका लहान तितकं तंत्र बारीक आणि पुढचं). तिची प्रतिस्पर्धी एएमडी हिच्या चिप तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवून देणाऱ्या कंपनीकडे ७ नॅनोमीटरवर बनत, आणि प्लेस्टेशन ५ व नव्या एक्सबॉक्सच्या चिपही तिथेच, त्याच तंत्राने बनत होत्या. गेम खेळायची ही दोन्ही यंत्रं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाजारात आली. चिपचा कारखाना उभा करायला वर्षं लागतात, त्यामुळे मागणी वाढली म्हणून दुसऱ्या महिन्यात माल वाढत नाही. शिवाय चिप ज्या सबस्ट्रेटवर बसवतात त्यासाठी एबीएफ नावाची एक पातळ फिल्म लागते. ती जवळजवळ एकटी अजिनोमोटो पुरवते. होय, चायनीजच्या गाडीवरच्या पांढऱ्या पुडीवाली अजिनोमोटो. त्या सबस्ट्रेटचाही तेव्हा तुटवडा झाला. जहाजाच्या कंटेनरचं भाडंही कित्येक पटींनी चढलेलं होतं.

त्यात इथेरियमची भर पडली. हे आभासी चलन तेव्हा ग्राफिक्स कार्डांवर 'माइन' करता येत असे, म्हणजे कार्डाला सतत आकडेमोड करायला लावून कमावता येत असे. २०२१ च्या सुरुवातीला या चलनाच्या एका नाण्याचा, म्हणजे इथरचा, भाव साडेसातशे डॉलरच्या आसपास होता, मे महिन्यात तो चार हजारांच्या पुढे गेला. कार्ड रात्रंदिवस चालवलं की ते स्वतःची किंमत काही महिन्यांत वसूल करून देतं, असा हिशेब ज्याने मांडला त्याला दुप्पट भावही स्वस्तच वाटला. शिकणारं पोरगं आणि माइनिंगवाला एकाच रांगेत उभे राहिले, पण पोराला कार्डातून कमाई होणार नव्हती, माइनिंगवाल्याला होणार होती. एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच मालिकेतलं आरटीएक्स ३०६० हे कार्ड आणताना त्याचा माइनिंगचा वेग निम्म्यावर आणणारं बंधन घातलं, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीच्याच एका चाचणी ड्रायव्हरमधून (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) ते चुकून निघून गेलं. शेवटी १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनेच पद्धत बदलली, माइनिंगची गरज उरली नाही. भाव त्याच वर्षी त्याआधीपासूनच उतरू लागले होते.

हे सगळं ना आपल्या खात्याच्या हातात होतं, ना माझ्या. आता जे हातात होतं त्याकडे येतो.

३०६० ची अमेरिकेतली जाहीर किंमत ३२९ डॉलर होती. तेव्हाच्या दराने रुपयांत ती २४ हजारांच्या जरा आत येते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की सव्वाअठ्ठावीस हजार होतात. एनव्हिडियाने भारतासाठी जाहीर केलेली किंमत होती २९,५०० रुपये. म्हणजे कंपनीने भारतीय गिऱ्हाइकावर डोळ्यांत भरावा असा कोणताही जादा बोजा टाकलेला नव्हता. तेच कार्ड काही आठवड्यांत आमच्या बाजारात साठ हजारांच्या पुढे गेलं. जाहीर किंमत आणि काउंटरवरची किंमत यांच्यामधले तीस हजार गेले कुठे? काही वाटा परदेशातच चढलेल्या भावाचा आणि भाड्याचा होता, हे मी नाकारत नाही. पण उरलेला वाटा देशात, गोदामापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर तयार झाला. ती वाट मला ठाऊक आहे, कारण माझा माल रोज त्याच वाटेने येतो.

आयातदार, मग वितरक, मग उपवितरक, मग दुकानदार, अशी ती साखळी आहे. कोल्हापूरसारख्या गावातला दुकानदार बहुतेक वेळा चौथ्या पायरीवर असतो. माल मुबलक असताना ही साखळी थोडक्या मार्जिनवर बरी चालते, दोन-तीन टक्क्यांवर कार्ड विकलेली मला आठवतात. माल कमी पडला की प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न उभा राहतो : आज विकावं की पुढच्या आठवड्यात? सकाळी व्हॉट्सॲपवर एक रेट येतो, दुपारी फोन केला तर 'स्टॉक संपला' असं उत्तर मिळतं आणि संध्याकाळी त्याच मालाचा चार हजारांनी चढा रेट येतो. वर किती माल आला आणि कुणाकडे किती पडून आहे, हे खालच्या कुणालाच दिसत नाही. साठेबाजी म्हणजे काय हे आपल्या खात्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. जून २०२३ मध्ये तूर आणि उडदावर साठा मर्यादा लागली तेव्हा ती राबवण्याचं काम राज्यांकडेच होतं.

याहून वाईट प्रकार 'कॉम्बो'चा, म्हणजे जोडविक्रीचा. २०२१ मधलं माझं एक खरेदीचं बिल समोर ठेवून लिहितो. पहिल्या ओळीत एक ३०६०. दुसऱ्या ओळीत एक मदरबोर्ड, जो कुणी मागितलेला नव्हता. तिसऱ्या ओळीत ६५० वॉटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), चौथ्या ओळीत काचेचं कॅबिनेट. कार्ड एकटं मिळणार नाही, घ्यायचं तर हा सगळा माल उचला, असं फोनवर स्पष्ट सांगितलेलं. तेव्हा ही राजरोस रीत होती. दुकानदाराच्या गळ्यात पडलेला तो न खपणारा माल पुढे गिऱ्हाइकाच्या गळ्यात जायचा. फक्त कार्ड बदलायला आलेल्या मुलाच्या बापाला नवा एसएमपीएस आणि कॅबिनेटही घ्यावं लागायचं. कागदावर कार्डाची किंमत त्यामानाने बरी दिसायची, कारण खरी वाढ बाकीच्या तीन ओळींत वाटून टाकलेली असायची. म्हणून नुसत्या कार्डाच्या किमतीची आकडेवारी मागवली तर खात्याला या लुटीचा अंदाजच येणार नाही.

महोदय, हे बेकायदेशीर आहे आणि त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४१) मध्ये 'निर्बंधित व्यापारी प्रथे'ची व्याख्या आहे. एक वस्तू घेण्यासाठी दुसरी वस्तू घेण्याची अट घालणं तिच्यात बसतं. त्याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे ग्राहकांच्या एका वर्गाच्या हक्कांवर गदा येत असेल तर तक्रारीवरून जिल्हाधिकारी चौकशी करू शकतात. कोल्हापुरात, सांगलीत, नाशिकात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर २०२१ मध्ये हे सर्रास चाललं होतं, पण कुण्या जिल्हाधिकाऱ्यांनी संगणकाच्या बाजारात अशी चौकशी केल्याचं आम्हा दुकानदारांच्या कानावर कधी आलं नाही. तक्रारीच आल्या नाहीत, असं उत्तर मिळेल. तक्रार करता येते हे कुणी सांगितलंच नाही, तर ती येणार कुठून?

दुसरा मुद्दा एमआरपीचा. आयात केलेल्या प्रत्येक कार्डाच्या पेटीवर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापणं २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांनी बंधनकारक आहे. तसं छापलंही जातं. पण पन्नास-पंचावन्न हजारांना विकल्या जाणाऱ्या कार्डावर नव्वद हजार, कधी लाखही छापलेले असतात. एरवी या आकड्याचा उपयोग ऑनलाइन दुकानावर '४० टक्के सूट' दाखवायला होतो. टंचाई आली की तोच आकडा ढाल होतो. दुप्पट पैसे मोजलेला गिऱ्हाईक कुठेही गेला तरी त्याला ऐकवलं जातं, 'एमआरपीच्या आतच विकलं आहे, गुन्हा कुठला?' कमाल किंमत छापण्याचा नियम गिऱ्हाइकाला वाचवण्यासाठी केला होता. ती हवी तेवढी फुगवून छापायची मोकळीक असेल तर तो नियम विकणाऱ्याच्याच कामी येतो.

आणि या भाववाढीत सरकारचाही वाटा वाढतो, हे आपल्यासमोर मांडलंच पाहिजे. २९,५०० मध्ये मूळ किंमत २५,००० आणि जीएसटी ४,५००. तेच कार्ड साठ हजारांना विकलं गेलं की जीएसटी होतो ९,१५० च्या आसपास, आणि राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर त्यातला निम्मा राज्याच्या तिजोरीत येतो. टंचाईने शासनाचं उत्पन्न वाढवलं. त्या जादा रकमेतला थोडा भाग बाजारावर नजर ठेवण्यासाठी खर्च व्हावा, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

मी किंमत ठरवून द्या असं म्हणत नाही. मार्च २०२० मध्ये मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंमध्ये आणून त्यांचे भाव बांधले, ते योग्यच होतं, कारण प्रश्न जिवाचा होता आणि माल इथेच तयार होत होता. ग्राफिक्स कार्ड इथे बनत नाही. भाव बांधला तर आयातदार माल दुसऱ्या देशाकडे वळवेल आणि जो थोडा येईल तो बिलाविना हाताखालून विकला जाईल.

आता आजची परिस्थिती. दुरुस्तीच्या टेबलावर ३०६० चा हीटसिंक, म्हणजे चिप थंड ठेवणारा धातूचा भाग, काढला की मधोमध मोठी चिप दिसते आणि तिच्या तीन बाजूंना काळ्या चौकोनी मेमरी चिप, प्रत्येकी २ जीबीच्या सहा. २०२१ मध्ये अडचण मुख्यतः मधल्या चिपची होती. या वेळी ती भोवतालच्या सहांची आहे. जगात ही मेमरी मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या तीनच : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरमधल्या कार्डांना एचबीएम नावाची एकावर एक थर रचलेली मेमरी लागते. तितक्याच क्षमतेच्या साध्या मेमरीच्या मानाने तिला सिलिकॉनच्या चकत्या सुमारे तिप्पट खर्ची पडतात. नफा तिकडे जास्त, म्हणून कारखाने तिकडे वळले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशियल' या नावाने दुकानांत येणारी आपली रॅम आणि एसएसडी बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि डेटा सेंटरच्या मागणीचं कारण उघडपणे सांगितलं. तो ब्रँड आम्ही वर्षानुवर्षं विकला आहे. नऊ-दहा हजारांना मिळणारा ३२ जीबी डीडीआर५ रॅमचा संच त्याच सुमाराला तिपटीच्या घरात गेला. त्याच महिन्यात डॉलरही नव्वद रुपयांच्या वर गेला, तो वेगळाच.

चिप बनवणाऱ्यांच्या लेखी घरगुती गिऱ्हाईक किती मागे पडलं आहे हे एनव्हिडियाच्याच हिशेबात दिसतं. जानेवारी २०२२ ला संपलेल्या वर्षात कंपनीला गेमिंगच्या कार्डांतून १,२४६ कोटी डॉलर मिळाले होते आणि डेटा सेंटरमधून १,०६१ कोटी. तीन वर्षांनी गेमिंगचे झाले १,१३५ कोटी आणि डेटा सेंटरचे साडेअकरा हजार कोटींच्या वर. मेमरी आणि कारखान्याची वेळ अपुरी असेल तेव्हा ती आधी कुणाला मिळणार, हे या आकड्यांनीच ठरवून टाकलं आहे. म्हणून ही टंचाई मागच्यासारखी दीड-दोन वर्षांत आपोआप ओसरेल असं मी धरून चालत नाही.

देशातल्या चिप कारखान्यांचं स्वागतच आहे. पण साणंदचा मायक्रॉनचा कारखाना चिपच्या जोडणी आणि चाचणीचा आहे, सिलिकॉनची चकती परदेशातूनच येणार. धोलेऱ्याचा टाटांचा कारखाना २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड तंत्राच्या चिपसाठी आहे, आजची ग्राफिक्स चिप ४ नॅनोमीटर श्रेणीवर बनते. केंद्राच्या इंडिया एआय मिशनने ३८ हजार जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिप, ताशी सुमारे ६५ रुपयांनी उपलब्ध केले, हे मोठं काम आहे. पण ते एआयचं मॉडेल घडवणाऱ्यांसाठी आहे. गडहिंग्लजमध्ये घरी बसून ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकणाऱ्या मुलीला स्वतःच्या टेबलावर कार्ड लागतं. आणि तिचा संबंध थेट आपल्या शासनाशी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी धोरण मंजूर केलं. या क्षेत्रात दोन लाख रोजगारांचं उद्दिष्ट आहे. या कामांचं मूळ अवजारच ग्राफिक्स कार्ड आहे. ते मुंबई-पुण्याच्या स्टुडिओलाच परवडणार असेल तर बाकीच्या जिल्ह्यांतली मुलं या धोरणात शिरणार कुठून?

म्हणून माझं मागणं असं आहे. जोडविक्रीबाबत आपण सर्व जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवावं, आणि त्यात ग्राफिक्स कार्ड, रॅम व एसएसडी यांची नावं स्पष्ट असावीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आणि 'एका वस्तूबरोबर दुसरी घेण्याची सक्ती करता येत नाही' हे वाक्य मराठीत प्रत्येक संगणक दुकानात दर्शनी भागात लावणं सक्तीचं करावं. मी माझ्या दुकानात ते उद्याच लावतो. चौकशी मात्र चौथ्या पायरीवरच्या दुकानदाराला पकडून थांबू नये. त्याची खरेदीची बिलं पाहत वर जावी, म्हणजे सक्ती कुठून सुरू झाली ते कळेल.

वैधमापन निरीक्षकांना एक काम आजच देता येईल. छापलेली किंमत वाढवण्यासाठी पेटीवर दुसरा स्टिकर चिकटवायला नियमांत मनाई आहे, किंमत कमी करायची असेल तरच तो चालतो. भाव चढत असताना जुन्या साठ्याच्या पेट्या तपासल्या तर काय काय सापडतं ते बघावं. एमआरपी फुगवण्याबद्दलचा नियम केंद्राचा आहे. तो बदलण्याची मागणी राज्याने लेखी करावी : आयातदाराच्या पहिल्या विक्रीच्या बिलातली किंमत आणि छापील एमआरपी यांच्यात किती पट अंतर चालेल याची मर्यादा हवी. आणि टंचाईच्या काळात आयातदारांनी महिन्याला किती कार्डं आली आणि किती विकली हे जाहीर करावं. माहिती दडवण्याची किंमत मोजावी लागते याचं उदाहरण अमेरिकेत आहे. २०१७-१८ च्या माइनिंगच्या लाटेत गेमिंगच्या विक्रीत माइनिंगचा हात किती होता हे गुंतवणूकदारांना नीट सांगितलं नाही, या आरोपावर एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये तिथल्या बाजार नियामकाला ५५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. तिथे गुंतवणूकदाराच्या बाजूने नियामक उभा राहिला. इथे गिऱ्हाइकाच्या बाजूने आपलं खातं उभं राहावं.

शेवटचं, वापरलेल्या कार्डांबद्दल. इथेरियमचं माइनिंग बंद झालं तेव्हा वर्ष-दीड वर्ष अखंड तापलेली कार्डं धुऊन-पुसून, नवी पेस्ट लावून बाजारात आली, काही नवी म्हणूनही विकली गेली. जुनी वस्तू नवी म्हणून विकणं आणि बिल न देणं या दोन्ही गोष्टी २०१९ च्या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणून नमूद आहेत. टंचाई वाढली की गिऱ्हाईक जुन्या कार्डाकडे वळतंच, आणि त्यात गैर काही नाही. फक्त बिलावर कार्डाचा सीरियल नंबर आणि 'नवे' किंवा 'वापरलेले' असं ठळक लिहिणं सक्तीचं करावं. त्याला एक ओळ लागते. वॉरंटीच्या वेळी याच ओळीवाचून गिऱ्हाइकाला परत पाठवलं जातं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

माझी २०२१ पासूनची खरेदीची बिलं, कॉम्बोच्या ओळींसकट, फायलीत लावून ठेवलेली आहेत. आपल्या अधिकाऱ्यांनी तारीख कळवली तर मी ती घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात हजर राहीन.

आपला नम्र,
एक संगणक विक्रेता, कोल्हापूर